वाड्यात पडून असलेल्या जुन्या रोल्स-रॉईसचा पूर्वेतिहास कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की परभणीजवळच्या गावी आजोबांच्या वाड्यात १९३४ सालची रोल्स-रॉईस २०/२५ कित्येक वर्षे उभी आहे, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीवर 'हूपर' हे नाव आहे, गाडी 'निजामाकडून आली' असे घरात सांगतात, आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी आपल्याला तिचा खरा इतिहास हवा आहे. मराठवाड्यात जुनी मोटार म्हटली की ती निजामाचीच असते. मी आजवर अशा पाच गाड्यांचे कागद पाहिले. त्यांपैकी एकीचेही नाते निजामाच्या मोटारखान्यापर्यंत पोहोचले नाही. त्यामुळे घरची गोष्ट वहीत लिहून ठेवा, पण शोधाची सुरुवात तिच्यापासून करू नका.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे आजही ट्रकची चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, कंपनीकडून येते आणि बॉडी बाहेर बांधून घेतात; दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईसही अशीच विकली जाई. कारखाना चेसिस, इंजिन आणि रेडिएटर देई, आणि गिऱ्हाईक ती हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबरली अशा एखाद्या पेढीकडे पाठवून आपल्या पसंतीची बॉडी चढवून घेई. या कंपनीने कारखान्यातूनच पूर्ण पोलादी बॉडीसह गाडी देण्यास सुरुवात केली ती १९४६ च्या बेंटली मार्क सहापासून. म्हणजे आपल्या गाडीचे जन्मदाखले दोन आहेत, एक चेसिसचा आणि एक बॉडीचा, आणि ते दोन्ही एकाच गाडीचे आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागते.

चेसिसचे काम त्यातल्या त्यात सोपे आहे. इंजिन आणि चालक यांच्यामधल्या धातूच्या आडपडद्यावर कंपनीची पाटी असते. तोच क्रमांक चेसिसच्या लोखंडावरही ठोकलेला असतो. पाटी चार स्क्रूंवर बदलता येते, म्हणून लोखंडावरचा क्रमांक शोधा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने मळ काढा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर जवळही येऊ देऊ नका. मग आरटीओत काढतात तसा पेन्सिल प्रिंट पातळ कागदावर घ्या. २०/२५ चा क्रमांक 'जी' पासून सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडा असा असतो. त्या मालिकांत १३ हा आकडा टाळलेला असे, तेव्हा अक्षरांपुढे नुसते १३ दिसले तर वाचण्यात चूक झाली आहे असे समजून पुन्हा पाहा.

हा क्रमांक हाती आला की इंग्लंडमधील रोल्स-रॉईस एन्थुझिअस्ट्स क्लबला लिहावे. नॉर्थम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी येथील हंट हाऊसमध्ये कारखान्याच्या मूळ नोंदींचा संग्रह आहे आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती मिळतात. २०/२५ च्या सुमारे ३,८०० चेसिस बनल्या, आणि प्रत्येकीचा कागद स्वतंत्र निघे. त्यात पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव, बॉडी कोणाकडे आणि कोणत्या प्रकारची बांधायची होती, चाचणी कधी पूर्ण झाली अशा नोंदी सापडतात. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका कागदात आहे.

बॉडीच्या बाबतीत मात्र मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. बीड जिल्ह्यातील एका कुटुंबाच्या गाडीवर आपल्यासारखीच हूपरची पट्टी होती, आणि तेवढ्यावर विसंबून मी त्यांना तसे लेखी कळवून मोकळा झालो. पुढे एका दाराचे फाटलेले अस्तर हलक्या हाताने सोडवले, तेव्हा आतल्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेला चार आकडी क्रमांक दिसला. तोच आकडा मागच्या आसनाच्या फळीखाली ठोकलेला होता. कारखान्याच्या कागदात बॉडी थ्रप अँड मेबरलीची म्हणून लिहिली होती. पट्टी कोणीतरी नंतर आणून बसवली होती, आणि तिचे स्क्रू इतर स्क्रूंपेक्षा नवे होते, हे मला आधीच दिसायला हवे होते. तेव्हा अस्तराआड, फळीखाली, बिजागऱ्यांवर आणि कुलपांवर आकडे शोधा आणि ते एकमेकांशी जुळतात का ते पाहा. लाकूड गावातल्या जुन्या सुताराला दाखवा. इंग्लंडमध्ये चौकट बहुधा अॅश लाकडाची करीत. सागवान निघाले तर ती चौकट इथे दुरुस्त झाली असेल, किंवा मद्रासची सिम्पसन वा कलकत्त्याची स्टुअर्ट अशा इथल्या पेढीने अख्खी बॉडीच नव्याने बांधली असेल, अशी शंका घेण्यास जागा आहे. तो पुरावा मात्र नव्हे.

घरातल्या फोटोंकडेही असेच रोखून पाहावे. लग्नाच्या फोटोत नवरदेवामागे उभी असलेली गाडी हीच, असे सगळे सांगतात. पण २०/२५ च्या रेडिएटरवरील झडपा आधी आडव्या होत्या आणि १९३२ पासून उभ्या झाल्या, त्यामुळे आडव्या झडपांचा फोटो १९३४ च्या गाडीचा नसणार. रेडिएटरवरची 'आरआर' ही लाल अक्षरे काळी झाली ती कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉइस यांच्या निधनाच्या दुखवट्यामुळे, असेही कोणी सांगेल. तो निर्णय त्यांच्या हयातीतच झालेला होता.

आता मधला काळ, आणि तो खास आपल्या भागाचा आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि नंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आपले जिल्हे होते, म्हणून त्या वर्षांची कागदपत्रे छत्रपती संभाजीनगरला शोधून सापडली नाहीत तर निराश होऊ नये. हैदराबादला तारनाका येथील राज्य अभिलेखागारात चौकशी करावी. घरातल्या पेटीत शिकस्ता, म्हणजे घाईच्या जोडून लिहिलेल्या, वळणाच्या उर्दूतली पावती निघाली तर ती वाचणारा जाणकार गाठा आणि सन नीट उतरवा. दख्खनच्या फसली, म्हणजे निजामी राज्यातल्या महसुली, सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन येतो. खुरदाद महिना, १३४४ फसली म्हणजे साधारण एप्रिल १९३५. उत्तरेकडच्या फसलीशी गल्लत केली तर दोन वर्षांचा घोळ होतो. किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, आहे की कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या, रुपयांत, तेही टिपून ठेवा. कलदारातला व्यवहार बहुधा मुंबईच्या बाजूने झालेला असतो. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्यावर अनेक घरांनी मोटारी विकल्या, आणि माझ्या अनुभवात 'निजामाकडून आली' या वाक्यामागे पुष्कळदा एखाद्या जहागीरदाराकडून त्या सुमारास झालेली साधी खरेदी निघते.

याला आज व्यावहारिक अंगही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हीए' मालिकेतील विंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणून गादीवाल्याने अस्तर फाडण्यापूर्वी आणि रंगाऱ्याने पत्रा खरवडण्यापूर्वी प्रत्येक आकड्याचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि दाराच्या आतल्या कडेला नखाएवढ्या जागेत पाण्याच्या पॉलिश पेपरने रंगाचे थर मोजा. बीडच्या गाडीत काळ्याखाली हिरवा आणि त्याखाली फिकट पिवळा निघाला होता. त्या गाडीचे पहिले गिऱ्हाईक मुंबईचा एक व्यापारी होता. १९३६ ते १९५० या वर्षांचा एकही कागद मिळाला नाही, आणि त्या कुटुंबाच्या वहीत ते पान आजही तसेच कोरे सोडलेले आहे.