घरच्या शाळेचं गणित: सुरुवातीला एवढंच

ताई, मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचंय, तर गणिताची सुरुवात कशी करू, असं विचारलंत. मुलगी सात वर्षांची आहे ना? मग आधी वेळापत्रक फाडून टाका. रोज पंचेचाळीस मिनिटांचा तास घरात चालत नाही. आम्हीही तीच चूक केली आणि दोन महिन्यांत घरात रडारड. वीस मिनिटं पुरे.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती घ्या. महागडे संच आत्ता नकोत. इयत्ता बघू नका; जिथे अडते तिथून सुरू करा, मग ते पहिलीचं पुस्तक का असेना.

खरी मेख मराठी संख्यानामांत आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'ला तर हमखास ३९! २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर दोन्ही शिकवा. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे रबराने बांधा आणि एक काडी काढायला सांगा. ती काढायची तर गठ्ठा सोडावाच लागतो, तिथेच 'एकोण' म्हणजे 'एक कमी' हे कळतं. हातच्याची वजाबाकीही पुढे यातूनच येते.

सुरुवातीला टाळायचं ते:
- समजण्याआधी पाढ्यांची घोकंपट्टी
- शेजारच्या मुलाशी तुलना
- चूक दिसली की लगेच खोडरबर. आधी 'कसं केलंस?' विचारा

एनआयओएसच्या (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळ) दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. ती काळजी आत्ता नको. आधी काड्या जमवा.