वाचकांचे प्रश्न : वर्गात गोवर निघाला, आता काय?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. शिक्षक दोनच, त्यामुळे तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. काही मुलं हंगामी वसतिगृहातली, आईवडील ऊसतोडीला गेलेले. तिसरीतल्या एका मुलीच्या अंगावर १२ जानेवारीला पुरळ उठलं. ती १० तारखेपर्यंत शाळेत होती. आरोग्य केंद्रात गोवराचा संशय सांगितला. आठ दिवस शाळा बंद ठेवून फवारणी करून घ्या, असं ग्रामपंचायतीचं म्हणणं आहे.
— मुख्याध्यापक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : उत्तर थेट कळवलं आहेच. इतर शाळांनाही हिशेब कळावा म्हणून इथे तारखा तशाच ठेवल्या आहेत.

फवारणी नको. धुराच्या मशीनने डास मरतात. गोवराचा विषाणू खोकल्या-शिंकेतून हवेत जातो आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. त्यासाठी दारं-खिडक्या उघड्या ठेवा. थंडी आहे म्हणून लावून घेऊ नका.

शाळाही बंद करू नका. सुट्टी दिली म्हणून मुलं घरात बसत नाहीत, पारावर आणि बाजारात जमतात. वसतिगृहातल्या मुलांना तर आईवडील फडावर बोलावून घेतील. मग गोवर कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांत (झोपड्यांत) पोचेल आणि कोणतं मूल कुठल्या टोळीबरोबर गेलं, हे शोधत बसावं लागेल.

पहिलं काम तारखांचं. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत इतरांना लागण करतो. पुरळ १२ ला, म्हणजे ८ ते १६ जानेवारी. ती मुलगी बरी असेल तर १७ पासून शाळेत येऊ शकते. ८ ते १० या दिवसांत तिच्यासोबत खोलीत, खिचडीच्या पंगतीत, रिक्षात कोण होतं, त्यांची यादी करा. भावंडं अंगणवाडीत असतील तर तिथलीही.

यादीत नाव आणि वय तर हवंच, पण शेवटचा संपर्क, एमआर (गोवर-रुबेला) लसीचा पहिला आणि दुसरा डोस, घरात वर्षाच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई आहे का, आणि चालू असलेला मोबाइल नंबर हे रकाने महत्त्वाचे. "सगळे डोस झालेत" या तोंडी उत्तरावर खूण करू नका, माता बाल संरक्षण कार्ड पाहा. कार्ड नसेल तर 'माहीत नाही' लिहा. घोटाळा बहुधा इथेच होतो. पहिला डोस नऊ महिन्यांना गावात होतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि नेमकं तेव्हा बाळ आईसोबत फडावर असतं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम झाली, पण तिच्यानंतर जन्मलेली मुलं आता तुमच्याकडे बसतात. शिवाय २०२० मध्ये कोरोनामुळे लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली होती.

ही यादी त्याच दिवशी आशाताई किंवा एएनएम सिस्टरमार्फत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या, दुसऱ्या दिवसावर नको. पहिल्या संपर्कापासून ७२ तासांत लस मिळाली तर आजार टळू शकतो. ८ तारखेपासून शेजारी बसलेल्यांची ही मुदत पुरळ दिसण्याआधीच संपली. पण १० तारखेलाच पहिल्यांदा वर्गात आलेल्या मुलाची १३ पर्यंत होती. मुदत टळलेल्यांनाही लस द्यायचीच. या वेळी नाही तरी पुढच्या फेरीला ती उपयोगी पडते. नेहमीच्या सरकारी सत्रात राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंतच देतात. मोठ्यांसाठी उद्रेकाची मोहीम घ्यायची का, हे आरोग्य विभाग ठरवतो. उद्रेकात सहा महिन्यांपासूनच्या बाळांना जादा डोस देण्याचाही निर्णय होऊ शकतो. तो वेळापत्रकातल्या दोन डोसांत धरत नाहीत.

लस न झालेली गरोदर बाई, लहान बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल संपर्कात आलं असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सहा दिवसांच्या आत देता येतं. तुमच्या भागातून त्यासाठी अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय गाठावं, आधी फोन करून.

आता पुढचे दिवस. संपर्कापासून पुरळ उठायला साधारण १४ दिवस लागतात, म्हणजे नवे रुग्ण २२ ते २४ जानेवारीच्या आसपास दिसतील. ताप, नाक गळणं, लाल डोळे त्याआधी तीन-चार दिवस. १८ तारखेपासून रोज हजेरीच्या वेळी प्रत्येकाचा चेहरा पाहा, ताप वाटला तर त्याच तासाला घरी पाठवा. हे ३१ तारखेपर्यंत चालू ठेवा. एकही डोस न झालेल्या मुलांना तोवर घरी ठेवायचं का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. मध्ये २६ जानेवारी येते. या वर्षी प्रभातफेरी आणि गर्दीची कवायत राहू द्या, झेंडावंदन पुरे. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला तान्ही बाळं कडेवर घेऊन बायका घरोघर जातात, तेही आईसभेत स्पष्ट बोला.

ग्रुपवर मुलीचं नाव टाकू नका. इतकंच पुरे : "तिसरी-चौथीच्या वर्गात गोवराचा संशयित रुग्ण आहे. मुलाचं लसीकरण कार्ड उद्या शाळेत पाठवा. ३१ जानेवारीपर्यंत ताप किंवा पुरळ आल्यास शाळेत न पाठवता आशाताईंना कळवा."

आजारी मुलीला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस मिळायला हवेत. एक वर्षावरच्या मुलांना दोन लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला तर आमची हरकत नाही. तो ठेवला म्हणून दवाखाना टाळणं मात्र नको. धाप, झटका, गुंगी, पाणी न पिणं किंवा डोळ्यावर पांढुरका डाग दिसला तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, पाचवा महिना चालू आहे. वर्गातल्या मुलाला कांजिण्या निघाल्या. आई म्हणते, तुला लहानपणी 'देवी' आल्या होत्या. मग भीती नाही ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : त्यावर विसंबू नका. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, तेव्हा तुम्हाला झालं ते दुसरंच काहीतरी. आईला नेमकं विचारा : पाण्याने भरलेले फोड होते का, काही ओले आणि काही खपली धरलेले असे एकाच वेळी होते का, डाग राहिलेत का? तसं असेल तर त्या कांजिण्याच असाव्यात आणि त्या सहसा पुन्हा होत नाहीत. खात्री नसेल तर व्हॅरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करून घ्या.

फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. तुम्ही त्या मुलाबरोबर एका खोलीत पंधरा मिनिटं जरी होतात, तरी तो संपर्क धरतात. प्रतिकारशक्ती नाही असं निघालं तर विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन दहा दिवसांच्या आत देतात, जितकं लवकर तितकं चांगलं. कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करा, बाहेरच्या बाकावर इतर गरोदर बायकांमध्ये बसू नका. २१ दिवसांत फोड उठलाच तर २४ तासांच्या आत दाखवा. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर २८ दिवस लक्ष ठेवा.

त्या मुलाच्या घरी एक सांगा : तापाला ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेनही नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ३००. पाच मिलीत २५० असलेल्या बाटलीतलं ते सहा मिली होतं, पाच मिलीत १२० असलेल्या बाटलीतलं साडेबारा. चमच्याच्या अंदाजाने दिलं की एक तर ताप उतरत नाही, नाहीतर दुप्पट डोस पोटात जातो. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटच्या तयारीसाठी हॉस्टेलवर आहे. रूममेटला गालफुगी झाली. मुलाला लगेच गावी आणू का?
— एक पालक, अहमदपूर

उत्तर : आणू नका. लागण झालेली असेल तर ती बारा ते पंचवीस दिवसांत दिसेल, आणि सूज येण्याच्या दोन दिवस आधीपासूनच तो इतरांना देऊ लागेल. एसटीतून गावी आला तर घरच्या लहानांनाही तोच धोका. रूममेटला सूज आल्यापासून पाच दिवस वेगळी खोली, वेगळं ताट-पेला आणि मेसमध्ये शेवटची पाळी एवढं हॉस्टेलने करावं. सरकारी एमआर लसीत गालफुगीचा भाग नसतो. तो खासगीत मिळणाऱ्या एमएमआरमध्ये असतो. आता घेतली तर या संपर्काला उपयोग नाही, पुढच्यासाठी आहे.

सूज आलीच तर चिंच-लिंबू बंद, त्याने लाळ सुटून कळ वाढते. गालावर चुन्याचा लेप लावू नका, कातडी भाजते. वृषणात दुखणं, मान ताठणं, सतत उलट्या किंवा एका कानाने कमी ऐकू येणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.