हातातल्या स्मार्ट घड्याळावरून डिप्रेशन कळतं का?

थेट नाही कळत. संशोधनात काय करतात, फोन दिवसातून चार-पाचदा टिंग करून 'आत्ता कसं वाटतंय' विचारतो, कारण दोन आठवड्यांचं एकदम विचारलं की माणूस आजच्या मूडवरच सांगून मोकळा होतो, आणि झोप, चालणं, लोकेशन आपोआप नोंदलं जातं. २०१३ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात ४८ विद्यार्थ्यांवर १० आठवडे हेच केलं, सत्र सरकलं तसा ताण वाढला, झोप आणि गप्पा घटल्या. पण आकडा फसवतो हां! आमच्या गोव्यात म्हापशाला पावसात मी तीन दिवस घरीच, पावलं जेमतेम ४००, घड्याळाला वाटलं गडी खचला, मी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून भजी खातोय. खरंच त्रास असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा नायतर गोव्यात असाल तर सरळ बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात दाखवा.