बाळंतपण झाले, तरी फाइल मिटू नका

गरोदरपणातील तपासण्यांविषयी येणाऱ्या प्रश्नांत एकच घोटाळा वारंवार दिसतो. तपासणी झालेली असते, पण ती कधी झाली आणि तिचे पुढे काय केले, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ही एकत्रित उत्तरे.

प्रश्न : लग्नाआधी रक्तगट तपासला होता. पुन्हा तपासावा का?

होय.

प्रश्न : दुसरा महिना संपत आला आहे. एका प्रयोगशाळेने साठ तपासण्यांचे ‘मातृत्व पॅकेज’ निम्म्या दरात देऊ केले आहे. घ्यावे का?

आधी डॉक्टरांची चिठ्ठी त्या यादीशेजारी ठेवून पाहा. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी, सिफिलिस आणि थॅलेसेमिया-सिकलसेलसाठीची तपासणी एवढ्या साधारणपणे सुरुवातीला सांगतात, आणि त्यांतल्या बऱ्याच सरकारी रुग्णालयात मोफत होतात. उरलेल्या नावांनी यादी लांबते, इतकेच. सवलतीचा हिशेब करता करता ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी मात्र हुकते, आणि ती नंतर करून भागत नाही.

प्रश्न : सातव्या महिन्यात माहेरी जाणार आहे. सगळे रिपोर्ट यजमानांच्या मोबाइलवर आहेत. चालेल ना?

चालणार नाही. मोबाइलवरच्या फोटोत बरेचदा नेमका तारखेवरच कोणाचा तरी अंगठा असतो. मूळ फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्याजवळ हवे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे) इंजेक्शन दिले की नाही, याची तारखेसह नोंद करून घ्या. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास पुढचे इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचे असते आणि त्या घाईत जुनी नोंद शोधायला कोणाला सवड नसते.

प्रश्न : गरोदरपणात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी बोटातून तपासली, ती नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात, साखर बाळंतपणाबरोबर गेली. बाळ आता पाच आठवड्यांचे आहे.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता संयम सुटतो. वार पडली की तिची संप्रेरके ओसरतात आणि साखर बहुधा लगेच उतरते; त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या त्या आकड्यावरून पुढचे काहीही ठरत नाही. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत उपाशीपोटी रक्त देऊन, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावे. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनंतर २०० व त्याहून अधिक आकडा आला, तर तो मधुमेहाकडे बोट दाखवतो. ‘तीन महिन्यांची सरासरी’ सांगणारी तपासणी या काळात एकटी पुरेशी नाही, कारण बाळंतपणातल्या रक्तस्रावाने ती फसवते. सहाव्या आठवड्याच्या लसीला बाळाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले जाते आणि आईची फाइल घरी कपाटात असते, हे मी रोज पाहतो. त्याच सकाळी तुम्ही उपाशी या. बाळाला नेहमीसारखे पाजा, पाणी प्या. निकाल चांगला आला तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी आहेच. तिचे अंतर आणि पुढच्या गरोदरपणाचे नियोजन डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न : बाळाच्या श्रवणचाचणीत ‘रेफर’ आले. शेजारी म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.

शेजाऱ्यांनी बाळाचे कान तपासलेले नाहीत. ‘रेफर’ म्हणजे ‘पुन्हा तपासा’, बहिरेपण नव्हे; कानातल्या द्रवानेही तसे येते; पण फेरचाचणी टाळू नये. दोष असल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, म्हणून या आठवड्यातच श्रवणतज्ज्ञांची वेळ घ्या.