चर्चच्या मंडळीतून (सभासदांतून) नाव काढलं, आता?

प्रश्न : माझा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मातला पाण्याने दीक्षा देण्याचा विधी) लहानपणीच झाला होता. पवित्र शास्त्र वाचून मत बदललं, म्हणून मी पुन्हा, पाण्यात पूर्ण बुडवून दिला जाणारा बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या पाळकीय समितीने (कारभार पाहणाऱ्या समितीने) तोंडीच सभासदत्व रद्द केलं. मुलीचं लग्न चर्चमध्ये लावणार नाहीत, दफनभूमीतही जागा नाही म्हणतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : रागाच्या भरात राजीनामा तेवढा देऊ नका. मग ‘तुम्हीच गेलात’ म्हणायला ते मोकळे. कोणत्या नियमाने, कोणत्या सभेत ठराव झाला, त्याची नक्कल लेखी मागा. अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर तारीख-सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. बायबलच्या मत्तय १८:१५-१७ मधला, चुकलेल्याला समजावण्याचा क्रम (आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी) पाळला का, हेही विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद नको. तिथला स्क्रीनशॉट तुमच्यावरच उलटतो.

प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) कोणाला द्यावं, हा मुख्यतः मंडळीचा अंतर्गत प्रश्न. त्यासाठी पोलीस ठाणं गाठण्यात अर्थ नाही. दफनभूमी नाकारणं, बोलणं-व्यवहार तोडायला लावणं मात्र वेगळं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६) इथे लागू पडू शकतो : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. आधी वकिलाला कागद दाखवा.

लग्न अडत नाही. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात. हॉल ठरवण्याआधी नोटीस द्या.