खारी हवा आणि धातूची मोटार

प्रश्न : माझे आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. त्यांनी विलायतेहून आणलेली शर्यतीची छोटी मोटार आमच्या मालवणच्या घरी आहे. ती धातूची असून रंग लाल आहे आणि पोटाच्या आतल्या बाजूस ‘डिंकी टॉईज’ व ‘ऑटो युनियन’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. गेल्या दोन पावसाळ्यांत तिच्या रंगाला फोड आले आणि पुढच्या चाकाजवळ चीर गेली. खाऱ्या हवेने ती गंजली, रंग खरवडून ती पुन्हा चंदेरी रंगवून घ्या, कारण मूळ गाडी चंदेरी होती, असे एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले. तसे करावे का? (मालवण)

उत्तर : कृपया रंगाला हात लावू नका. ज्या गाडीचे हे खेळणे आहे, ती जर्मनीची ऑटो युनियन खरोखरच चंदेरी होती. फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्याप्रमाणे तिचे १६ सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले होते आणि याच गाडीवर बर्न्ट रोझमायर यांनी १९३६ सालचे युरोपीय अजिंक्यपद मिळवले. आपल्या हातातील मोटारीतही चालकाची खोबण पुढे सरकलेली आणि मागची शेपटी लांब दिसेल. ती या इंजिनामुळे. परंतु डिंकी टॉईजच्या लिव्हरपूल येथील कारखान्यात ही खेळणी मुलांसाठी निरनिराळ्या रंगांत रंगवली जात असत, त्यामुळे आपला लाल रंग चुकीचा नसून बहुधा कारखान्याचाच आहे. तो खरवडला, तर आजोबांनी दुकानातून उचललेली वस्तू उरणार नाही, आणि संग्राहकाच्या लेखीही तिचे मोल बरेच उतरेल.

आता फोडांविषयी. या मोटारी लोखंडाच्या नसून जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आहेत, म्हणून लोखंडासारखा तांबूस गंज त्यांच्या अंगाला चढत नाही. तांबूस डाग दिसलाच, तर तो चाकांच्या पोलादी आसाचा असतो. खाऱ्या हवेने जस्तावर पांढरी भुकटी धरते, पण ती वरवरची असते आणि मऊ ब्रशने निघते. आपण लिहिता त्याप्रमाणे आतून फुगून रंग उचलला जात असेल आणि त्यासोबत चीरही पडली असेल, तर आजार निराळा आहे. संग्राहक त्याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. यातील ‘पेस्ट’ म्हणजे लेप नव्हे, तर कीड. ओतकामाच्या वेळी वितळलेल्या जस्तात शिशाचा अगदी अल्प अंश जरी मिसळला, तरी तो धातूच्या कणांमधील सीमांवर साठतो, आणि पुढे कित्येक वर्षे दमटपणा व उष्णता लागली की त्या सीमा आतल्या आत कुजत जाऊन धातू फुगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हा दोष वारंवार आढळतो. पुढे अशा ओतकामासाठी ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. थोडक्यात, दोषाचे बीज त्या काळच्या भट्टीतच पडलेले होते. आपल्या समुद्राने त्याला फक्त पाणी घातले.

खात्री करून घेण्यासाठी मोटार उलटी करून पोटाच्या कडेवर सरळ पट्टी टेकवा. कड कमानीसारखी वाकलेली असेल, चाके फिरताना अडत असतील आणि भिंग धरल्यावर एका चिरेच्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या अनेक बारीक रेषा दिसत असतील, तर ही कीडच आहे. मला हे सांगताना वाईट वाटते, पण यावर औषध नाही. कोणी एखादा लेप किंवा रसायन सुचवले, तरी पैसे घालवू नका आणि वाकलेला भाग बोटांनी दाबून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. माझ्या संग्रहातल्या अशाच एका मोटारीचे पुढचे टोक मी अत्यंत हलक्या हाताने पुसत असताना बिस्किटासारखे मोडले, आणि मोडलेल्या जागी धातूची चकाकी नव्हती, राखेसारखा करडा रंग होता. मात्र झीज मंदावता येते, आणि नीट सांभाळलेली मोटार पुढच्या पिढीच्या हाती देता येते.

कोकणात जून ते सप्टेंबर हे चार महिने मुख्य चिंतेचे. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात ओल पिते, म्हणून तिला टेकलेले कपाट टाळा. कौलांखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून तोही नको. घराच्या मधल्या खोलीतील आतली भिंत सर्वांत चांगली. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलची पुडी ठेवा, वर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाची घडी अंथरून त्यावर मोटार ठेवा आणि आत आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. नारंगी दाण्यांचे सिलिका जेल ओल शोषल्यावर हिरवे पडते. तसे झाले की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सियसला दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते. डबा भरण्याचे काम मे महिन्यातील दमट दुपारी न करता जानेवारीच्या कोरड्या दिवसांत करावे, म्हणजे ओली हवाच आत कोंडली जाणार नाही. दर वर्षी मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर पट्टी शेजारी ठेवून चिरेचे छायाचित्र काढा. ती वाढते आहे की थांबली आहे, हे त्यावरूनच कळेल.

प्रश्न : मुलाने भेट दिलेली १:१८ प्रमाणातील जुन्या मासेराटी २५० एफ या इटालियन शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती मी फणसाच्या लाकडाच्या नव्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली होती. आता तिचे टायर खालच्या पारदर्शक प्लॅस्टिकला चिकटले आहेत. काय चुकले? शिवाय तिच्या दर्शनी भागावरचा ‘१’ हा क्रमांक खरा आहे का? (दापोली)

उत्तर : डांबराच्या गोळ्या आजच काढून टाका, आणि त्यांच्या जागी कापूरही ठेवू नका. दोन्हींच्या वाफा काही प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ पाडतात. टायर चिकटण्याचे कारण मात्र बहुधा टायरमध्येच आहे : त्यांना मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि ज्या प्लॅस्टिकवर ते टेकलेले असतात त्याला विरघळवू लागते. गाडी ओढून सोडवू नका, कारण २५० एफच्या तारांच्या चाकांना तेवढा जोर सोसत नाही. टायरखालून दात स्वच्छ करण्याचा धागा हळूहळू सरकवत न्या. त्यानंतर गाडीच्या पोटाखाली आधार देऊन चाके केसभर अधांतरी ठेवावीत. नव्या लाकडातून आम्लाच्या वाफा बाहेर पडत राहतात; त्या जस्ताला बाधतात आणि शिसे असलेल्या प्रतिकृतींना त्याहून अधिक. म्हणून गाडी काही काळ त्या कपाटाबाहेर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवावी. आपण लिहिलेला दर्शनी ‘१’ हा क्रमांक खरा आहे : ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्यूरबर्गरिंग या शर्यतमार्गावर हुआन मॅन्युएल फांजिओ यांनी याच क्रमांकाच्या मासेराटीतून पुढे असलेल्या दोन्ही फेरारी गाड्यांना शेवटून दुसऱ्या फेरीत मागे टाकले आणि आपले पाचवे विश्वविजेतेपद निश्चित केले.

प्रश्न : १:४३ हे विचित्र प्रमाण कुठून आले आणि नव्या संग्राहकाने ते घ्यावे की १:१८? (अलिबाग)

उत्तर : ब्रिटनमधील खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका प्रचलित मापात खऱ्या एका फुटासाठी सात मिलिमीटर धरत, ३०४.८ मिलिमीटरला सातने भागले की सुमारे ४३.५ येतात, आणि आगगाडीशेजारी शोभाव्यात म्हणून मोटारीही त्याच मापाच्या झाल्या. चार मीटर लांबीची खरी गाडी या प्रमाणात सुमारे ९.३ सेंटिमीटरची होते आणि १:१८ मध्ये सुमारे २२.२ सेंटिमीटरची. इंजिनाच्या नळ्या, झडपा आणि कातडी पट्टे पाहण्याची हौस असेल, तर १:१८ ला पर्याय नाही. तरीही किनाऱ्यालगत राहणाऱ्याला मी आरंभी १:४३ च सुचवीन, कारण एका कोरड्या डब्यात अशा पाच-सहा मोटारी सहज मावतात, आणि आपल्याकडे खरी टंचाई कोरड्या जागेची आहे.