मुंबईचं गाणं दिवेलागणीनंतरच का लागायचं?

प्रश्न (खानापूर) : घरातली जुनी माणसं सांगतात, रेडिओवर मुंबईचं गाणं दिवेलागणीनंतरच लागायचं, दिवसा नुसती खरखर. असं का?

उत्तर : याचं कारण आकाशात आहे. मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं ते दीड किलोवॅटच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवर. एवढ्या ताकदीत जमिनीलगतची लहर पन्नासेक किलोमीटरच नीट पोचते आणि आपलं बेळगाव तर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर. वर जाणारी लहर 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा थर दिवसभर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर त्याच्याही वरच्या थरावरून परतून आपल्याकडे उतरते. ऐन तानेत आवाज बुडायचा तो सेट बिघडला म्हणून नव्हे. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी खाऊन टाकतात. वळवाच्या दिवसांत त्यात विजांची कडकड मिसळायची.

तरीही लोक कान लावून बसत, आणि ते योग्यच होतं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांत संपते. रेडिओवर गायक मायक्रोफोनसमोर बसून थेट गात, त्यामुळे राग जरा सावकाश मांडता येई. 8 जानेवारी 1950 ला धारवाड केंद्र सुरू झाल्यावर आपल्या भागाला जवळचं, दिवसाही लागणारं स्टेशन मिळालं.

प्रश्न (निपाणी) : आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ वीस वर्षं बंद आहे. लावून बघू का?

उत्तर : थेट प्लग घालू नका. आधी 100 वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओची वीज त्या दिव्यातूनच जाईल असा, जोडा. एलईडी चालणार नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. घुमण्याचा आवाज येत असेल तर फिल्टर कंडेन्सर, म्हणजे आतली वीज साठवून सपाट करणारे भाग, वाळलेत. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला जोर देणाऱ्या) ग्रिडकडे, म्हणजे त्यात आवाज शिरतो त्या टोकाकडे, जाणारा 0.01 मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर तर न तपासताच बदलून घ्या, नवा 630 व्होल्टचा घ्या. तो गळका असला की व्हॉल्व्ह लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो जळाला की दुरुस्ती महागात जाते. पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटच्या चासीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, करंट असतो. तिला हात लावू नका, अर्थिंगची तारही जोडू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका साठलेला असतो, म्हणून आतलं काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. मग दहा-बारा मीटर तांब्याची तार विजेच्या तारांपासून लांब, उंचावर ताणा आणि अंधार पडल्यावर काटा फिरवा.